दर आठ तासांनी

पहिल्याच दिवशी बोकील मॅडम म्हणाल्या,
इंग्रजी बाहेर चपलांपाशी ठेवा. जीभ दातांना लावा.
त आणि द तुमच्याकडे आधीपासून आहेत,
ते लंडनला जाऊन मिळत नाहीत.

मी भोसरीची.
माझी जीभ बरोबर जागी आहे
असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बसमध्ये दापोडीचा पूल येईपर्यंत भूतकाळ,
खडकीला भविष्य,
विद्यापीठाच्या फाटकाशी उतरताना
'जर असं झालं असतं तर'चा तो अवघड काळ,
जो आमच्या आत्याला न शिकता येतो.
जर जर्मन घेतलं असतंस तर, ती म्हणते,
जर जपानी तरी.
बाबा एवढंच विचारतात : पगार?

पगार.
कुठल्याशा गलबतातून उतरून
किनाऱ्यावरच राहिलेला हा शब्द,
त्याचा सख्खा चुलतभाऊ माझ्या पुस्तकात पान अकरावर :
पागार, म्हणजे पैसे देणे.
बाबा तीस वर्षं दर सात तारखेला
माझ्या अभ्यासक्रमातलं क्रियापद उच्चारतायत
आणि मी फी भरून ते शिकतेय.

तिकडे 'असणं' दोन आहेत.
एक जन्माचं, एक आत्तापुरतं.
मी मुलगी आहे, हे पहिलं. मी दमलेय, हे दुसरं.
मग मेलेला माणूस? इर्शादनं विचारलं.
दुसरं, मॅडम म्हणाल्या, आत्तापुरतं.
का ते नका विचारू, तसंच आहे.
वर्ग हसला.
इर्शादचे अब्बा फेब्रुवारीत गेले.
तो वहीत ते वाक्य लिहीत राहिला,
एकदा, दोनदा, समास संपेपर्यंत,
जणू अजून काही ठरायचं बाकी आहे.

आणि लिंगं दोनच.
घर तिथे बाई, झाड पुरुष.
मग आपलं ते सगळं कुठे ठेवायचं,
पाखरू, वासरू, कोकरू,
आई मला रागावून झाल्यावर म्हणते ते लेकरू?
तिकडे आधी ठरवावं लागतं,
मग माया.

पण मे गुस्ता.
मे गुस्ता म्हणजे थेट 'मला आवडतं'.
आवडणारी गोष्टच वाक्याची मालकीण,
आपण नुसते 'मला'.
हे वाचलं त्या संध्याकाळी
औंध रोडच्या स्टॉपवर मी दोन बस सोडल्या.

मार्चमध्ये बाबांच्या शॉपवर जुनी लेथ आली.
बिल्बाओकडची, तिसऱ्या मालकाकडून,
मॅन्युअल हरवलेलं.
दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर फोटो :
पितळी पट्टी, अर्धी झिजलेली,
कोपऱ्यात बाबांचं बोट, पेर नसलेलं.
खाली मेसेज : हे काय?

एक शब्द कोशात बघावा लागला.
दर आठ तासांनी वंगण घालावे, मी लिहिलं.
उत्तर आलं : ते आवाजावरनं कळलंच होतं.
पहिल्या दिवसापासून घालतोय.

मग बऱ्याच वेळानं :
आणि खाली लाल अक्षरात?

कुइदादो.
परीक्षेत 'सावधान' लिहिलं असतं, पूर्ण मार्क.
फोटोतल्या बोटाकडे बघत
मी टाइप केलं : काळजी.
मग पुसलं. मग 'सावधान'.
मग दोन्ही.

पुढच्या आठवड्यात डबा द्यायला गेले
तर लेथवर, पट्टीच्या खाली, सेलोटेपनं कागद.
बाबांचं अक्षर, बॉलपेननं दोनदा गिरवलेलं :
दर आठ तासांनी वंगण. सावधान. काळजी.
भाषांतर : कु. प्रणोती ज्ञानोबा डोळस, एम.ए. भाग एक.

आता त्यावर तेलाचे अंगठे उमटलेत.
नाव तेवढं अर्धं वाचता येतं.
तसंही कुणी वाचत नाही.
मशीन व्यवस्थित चालतंय.