सात नंबरची बशी

आधी याच खिडकीखाली केळीचं पान ठेवायचो आम्ही.
चोपड्याहून ओल्या गोणपाटात आलेलं,
देठातून चीक गळणारं.
पडद्यावर शिरा काळ्या उमटत.
पाणी दिसलं की हा किरण थबकतो.

आज तिथे सुपडू कोळीचा उजवा हात.
मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी,
वेफर्सच्या कढईतलं तेल उडालं, त्याला नऊ दिवस.
पट्टी न सोडता आत बघायचं, एवढंच काम.

"हाऊ एक्सरे शे का?"
नाही म्हटलं. तो हाडापर्यंत जातो,
हा कातडीतच दमतो.
याच्या एका कणात एवढं बळ नाही
की पेशीतल्या धाग्याची एक गाठ सुटावी.
फार तर ऊब.

वाक्य पाठ होतं. फॉर्मवरही तेच छापलंय,
खाली सही किंवा अंगठ्याला जागा.

मार्चमध्ये चोवीस बशांत आम्ही त्वचेच्या पेशी वाढवल्या,
वीस-वीस मिनिटं हाच किरण सोडला.
तेवीस बशा शहाण्यासारख्या वागल्या.
सातवीतल्या काही पेशी आकसून कडेला गेल्या.
सर म्हणाले, कपाटाचं दार उघडं राहिलं असेल.
त्या रात्री वीज दोनदा गेली, हेही खरं.
वहीत मी प्रश्नचिन्ह काढलं
आणि पान उलटलं.

सुपडूला सांगितलं सगळं,
बशी, वीज, प्रश्नचिन्ह.
तुमच्यावर चारच मिनिटं, जोरही दहाव्या हिश्श्याचा,
माझा तळवा मी कितीदा ठेवलाय इथे,
तरी 'सुरक्षित' हा शब्द
मी अजून उसनाच वापरते.

तो बाहेर बघत राहिला.
पत्र्यावर पंचेचाळीस अंश,
सायकल स्टँडच्या सावलीत जीभ काढलेलं कुत्रं.
"मंग ऊननं फारम कोठे भरतस, ताई?
आन् कढईनं?"

सही डाव्या हाताने केली त्याने,
रेघेच्या खाली घसरलेली.

चार मिनिटं.
पट्टीखालचं ओलं हळूहळू उमटत गेलं,
कोपराकडे सुकत आलेलं,
मनगटाजवळ अजून साचलेलं.
"हाई ते मे महिनानी तापी शे."

मी आकडे लिहिले.
त्वचा, आधी तेहतीस पूर्णांक चार,
नंतर तेहतीस पूर्णांक पाच.

सोमवारी सातवी बशी पुन्हा लावायची.
वीज जाणार नाही, असं वायरमनने कबूल केलंय.
त्याच्याकडून फॉर्म भरून घेतलेला नाही.