कूळ

मामलेदार कचेरीत, एक-चौदाच्या उताऱ्यावर,
कुळाच्या रकान्यात माझ्या बापाचं नाव आहे
पेन्सिलीनं लिहिलेलं.
पेन्सिल कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही.
कारकून म्हणाला, पुरावा आणा.
तुमचं कूळ ह्या खाजनात
नेमकं कधीपासून?

रायबंदरहून परतताना, फेरीबोटीत,
सांचीचं पुस्तक मांडीवर उघडं.
त्यातही एक कूळ निघालं:
इक्थिओस्टेगा आणि त्याची भावकी.
छत्तीस कोटी वर्षांपूर्वी
गढूळ पाण्याच्या काठाशी
कोपरांवर रेटा देऊन अंग वर काढणारे.
मागचे पाय वल्ह्यासारखे, नुसते ओढत न्यायचे,
आणि त्या पायांना बोटं सात.

‘बाबा, सात का?’
मी म्हटलं, किती पुरतात ते ठरलं नसेल अजून.

‘आणि आपण त्यांचेच ना?’
पुस्तकात तसं नव्हतं.
आपली फांदी शेजारून कुठून तरी आलेली.
ते कूळ संपलं. वारस नोंद नाही.
ग्रीनलँडच्या दगडात हाडं तेवढी,
तीही पुरती जुळत नाहीत.

चोडणला उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती.
फटू मानशेकार फळ्या उचलून
खाजनातलं पाणी नदीला परत करत होता.
मानशीखालच्या चिखलात
एक निवटी, डोळे डोक्यावर चढवलेली,
दोन पंखांवर झटका देत वर आली, थांबली,
पुन्हा झटका.
ती त्यांची कुणी लागत नाही. मासाच तो.
पण चिखलाला नातं विचारायची सवय नाही,
जो टेकेल त्याचा ठसा घेतो.

बाप ह्याच बांधावर खावटं बुजवताना
गुडघाभर रुतायचा.
एक पाय उपसायला दुसऱ्यावर भार,
मग तोही आत.
शिव्या द्यायचा, हसायचा,
कोरगुटाला खारं लागू नये म्हणून
रात्र रात्र चिखलच रचायचा.
त्याची पावलं मी शोधत नाही.
तेवढा खुळा नाही मी.

सांची मात्र चपला काढून उतरली,
दोन पावलं टाकून वाकली
आणि ठशातली बोटं मोजू लागली.
पाचच, म्हणाली. जरा हिरमुसून.

फटूनं वरून हाक दिली:
‘बाहेर काढ तिला. भरतीची वेळ झाली.’
फळ्या खाली बसल्याचा आवाज आला.
पाणी आलं ते नदीच्या बाजूनं,
आधी निवटीच्या रेघांवर,
मग आमच्या.

उद्या पुन्हा कचेरीत जायचं आहे.