फक्त पट्टीचा फोटो पाठवा

सूचना सोपी आहे. मीच लिहिलेली:
काडी नाकात पाच वेळा फिरवा,
बाटलीत बुडवा, तीन थेंब, पंधरा मिनिटं.
मग फोन सरळ धरून
फक्त पट्टीचा फोटो पाठवा.

फक्त पट्टीचा फोटो कुणीच पाठवत नाही.

दर सोमवारी चेलिन बेटावरून
माझ्या टेबलावर स्वयंपाकघरं येतात.
जांभळ्या बटाट्यांची सालं,
चुलीच्या दांडीवर वाळणारा एकच मोजा,
शिंपल्यांनी चिरलेला कुणाचा तरी अंगठा.
यंत्र हे सगळं कापून टाकतं.
त्याला रेघ हवी, एक की दोन.
मी कापायच्या आधी बघून घेते.

मग त्यांचे ठिपके होतात.
राखाडी म्हणजे काही नाही, लाल म्हणजे ताप.
मागच्या जूनमध्ये पहिला लाल धक्क्यापाशी उगवला,
मग शाळेत,
मग चर्चमागच्या गल्लीत लाह्यांसारखे तडतडले.
दवाखान्यात पहिला खोकला पोचायच्या आठ दिवस आधी
आम्हाला कळलं होतं.
याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू.

मिलालोंकोंच्या एलादिओने एकदा
जुनाच फोटो परत पाठवला. फुटबॉलचा सामना होता.
मेणकापडावरचा पाव मागच्या सोमवारचाच,
एक घास खाल्लेला.
मी लिहिलं, आधी तो पाव संपव, मग पाठव.
संध्याकाळी दोन रेघा आल्या. पाव नव्हता.

आणि सेगुंदो बार्रिया, वय एक्याऐंशी.
घरात रेंज नाही,
म्हणून पट्टी डब्यात घालून टेकडी चढायचे,
दफनभूमीपर्यंत.
त्यांच्या फोटोत चूल नसायची. दगड असायचा,
शेवाळलेला, त्यावर चौकटीने तोडलेलं नाव:
–दुविना.
फोन जिथे असतो तिथे ठिपका पडतो.
अडतीस आठवडे, अडतीस राखाडी ठिपके,
सगळे कबरींमध्ये.
वरच्या कार्यालयातून विचारणा झाली होती,
ही नोंद चुकीची तर नाही ना?
नाही, मी कळवलं. बरोबर आहे.

एकोणचाळिसाव्या सोमवारी काही आलं नाही.
मंगळवारी नाही. बुधवारी नाही.
न आलेल्यासाठी आमच्याकडे रंग नाही.

गुरुवारी फोटो आला: टेबल, विझत आलेली चूल,
थरथरून पुसट झालेल्या दोन रेघा.
फोन शेजारचा पोरगा घेऊन वर गेला होता.
सोबत आवाज, मध्ये मध्ये धाप:
"लेकी, तुझं यंत्र मला टेकडीवर दाखवेल.
ऐकू नकोस त्याचं. मी अजून घरीच आहे."

नकाशावर, कबरींच्या मधोमध, एक लाल ठिपका.

नियमात बसत नाही,
पण मी तो बोटाने उचलला,
उतारावरून हळूहळू खाली आणला,
चुलीपाशी ठेवला.
मग होडीवाल्याला फोन लावला.