हजर

पासपोर्टवर तीन नावं होती,
कुमुद दगडू सनदी.
बहारीनला उतरेपर्यंत शेवटचं गळालं,
कुठल्या रकान्यात, कुठल्या कारकुनाच्या बोटाखाली,
कळलं नाही.
संगणकावर परीक्षा दिली, कागद पडताळले,
सनद मिळाली,
सनदी गेलं.
बिल्ल्यावर फोटोखाली आता: सिस्टर दगडू.

मुहर्रकच्या या वॉर्डात
दिवसातून चाळीसदा माझ्या बापाला हाक मारतात.
चार नंबरचं सलाइन संपलं, दगडू.
नऊला उलटी झाली, दगडू.
फार्मसीचा फोन, दगडू आहे का?
ड त्यांच्या जिभेला जमत नाही,
दगदू म्हणतात, लहान पोरासारखं.

बाप मिरजेत एका मोठ्या दवाखान्यात
फरशी पुसायचा, एकतीस वर्षं.
कुणा डॉक्टरने त्याला नावाने बोलावलेलं
मी ऐकलेलं नाही.
मी तिथेच नर्सिंगला लागले,
तर माझे पांढरे बूट दिसले की
पोछा उचलून भिंतीला लागायचा,
म्हणायचा, चाल की, वाळलंय.
वाळलेलं नसायचं.

सात ते सात. मग बस, मग चौघींची खोली,
एकीची रात्रपाळी म्हणून दिवसाही पडदे ओढलेले.
सगळ्या माझ्याशी मल्याळममध्येच सुरू होतात;
नर्स आहे म्हणजे कोट्टायमची असणार.
आता मला त्यात भांडता येतं.
लिन्सी परवा आयर्लंडला गेली,
मी शिकवून तयार केलेली सहावी.
मीही दोनदा बसले त्या इंग्रजीला,
लिहिण्यात दहा गुणांनी राहिले.
जाताना ती कुकर ठेवून गेली, शिट्टी नसलेला.

अकरा नंबरचा अबू जासिम, नव्वदीच्या पुढचा,
ऑक्सिजनची नळी तासातासाला उपसून टाकतो.
रात्री दीडला विचारतो, दगदू म्हणजे काय?
माझी अरबी ताप, लघवी, कुठे दुखतंय एवढ्यापुरती,
पण हा शब्द होता, पहिल्या वर्षीच्या वहीतला.
हजर, मी म्हटलं.
आमच्याकडे हजर म्हणजे काय, ते सांगायला
वहीत काही नव्हतं.

तो हसला. मग हातांनीच बोलला बराच वेळ.
पंधरा वर्षांचा असताना
पायाला दगड बांधून मोत्यांसाठी खाली जायचा,
नाकाला चिमटा (इथे माझ्या नळीकडे रागाने बोट).
तळ लागला की पाय सोडवायचा.
वरचे आधी दगड ओढून घेतात.
मग, दोर हलला तर, माणूस.

आजीची तीन पोरं पाळण्यातच गेली होती.
चौथ्याचं नाव दगडू ठेवलं,
दगड कोण उचलून नेतंय म्हणून.
हे मी त्याला सांगितलं नाही.
नळी पुन्हा बसवली, गालाला पट्टी लावली,
चार्टवर लिहिलं: रुग्ण जागा, गप्पा मारतो.

एक तारखेपासून मी चार्ज नर्स.
चाळीस दीनार जास्त, सुट्ट्यांची भांडणं माझ्याकडे,
आणि नवा बिल्ला.
ऑफिसातला म्हणाला, नाव दुरुस्त करायचं तर
आत्ताच सांगा, पुन्हा होणार नाही.

साडेतीनला फोन लावला, तिकडे सहा वाजले होते.
नळाचं पाणी भरत होता, ऐकू येत होतं.
म्हटलं, दादा, सनदी लावू का परत?
इथे सगळी तुझंच नाव घेतात.
कोण सगळी?
डॉक्टर. पेशंट. सगळी.
नळ बंद झाला.
म्हणाला, मग कामं होतात का त्यांची, हाक मारल्यावर?

तेवढ्यात कॉरिडॉरमधून अकरा नंबर,
नळी काढलेल्या मोकळ्या आवाजात: दगदू!

अगं, हाक आली, बाप म्हणाला, जा आधी.
मी निघाले, फोन हातातच, चालू.
पलीकडे बादली सरकली
आणि तोही उठला.