मुरायला लागणारा वेळ

मनोऱ्याला एकशे अठ्ठावीस पायऱ्या.
ओइवा मोजत नाही, त्याचा गुडघा मोजतो.
खाली फिनलंडचं पाइनरान. एप्रिल.
बर्फ अजून सावल्यांत दडलेलं,
ऊन मात्र सालीपर्यंत पोचलंय
आणि झाडं वास सोडू लागलीत.

वास ओझोनला भेटतो, जड होतो,
दुसऱ्या जडावलेल्या वासाला बिलगतो,
कण होतो.
केसाच्या जाडीत हजार मावतील एवढा.

केबिनमध्ये सायमी ते कण पट्टीवर आपटते.
चिकटले तर द्रव.
आज उसळले.
"काच," ती म्हणते.

ओइवाला काच पटत नाही.
त्याचे आजोबा याच रानात डांबर गाळायचे.
"राळ म्हण," तो हातमोजे काढत म्हणतो,
"गारठली की ठणठणीत."

म्हणो काहीही.
कणाच्या गाभ्यात सकाळचं पाइन आहे,
त्यावर दुपारचा थर,
सगळ्यात वर, दक्षिणवाऱ्याने आणलेला
कुणाच्या तरी शेकोटीचा धूर.
आत निघालेला धुराचा रेणू
पोचायला वर्ष घेईल,
आणि कण जगणार जेमतेम आठवडा.

पुस्तकात याला विसरण म्हणतात.
शब्द बरा आहे:
पसरत जायचं, आणि कुठून निघालो ते विसरायचं.
इथे कुणीच काही विसरत नाहीये.

सायमीने हिवाळाभर गणित मांडलं होतं
सगळं क्षणात एकजीव होतं असं धरून.
सतरा पानं.
ती पेन्सिल शोधते. मग खोडरबर.

संध्याकाळी तळ्यावरून धुकं चढलं.
पाणी रेणूरेणूंच्या फटींत शिरलं,
गोळीबंद पाक सैलावत एकतारीवर आला.
रात्री नऊच्या नोंदीत कण चिकटले,
आत धूर, पाइन, सकाळ, दुपार
मिनिटभरात एकमेकांत मुरलेले.

सौनात ओइवाने दगडांवर पळीभर पाणी ओतलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
तो भावाबद्दल बोलला. काउको. डांबराची भट्टी.
वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा पाणी ओतलं.

सायमीने काही विचारलं नाही.
माणसांचा विसरणांक कुणी मोजलेला नाही,
आणि वाफेत तिला नीट ऐकूही आलं नव्हतं.

बाहेर आभाळ निवळत होतं.
पहाटेपर्यंत हवा कोरडी होणार.
पट्टी पुसून ठेवायला हवी.