जोड

वर्षातून तीनच दिवस उघडतात हा राजवाडा.
एरवी त्यात राहतात
पारवे, एक माळी, आणि तीन भावांमधले सात दावे.

तिकीट शंभर रुपये, ज्येष्ठांना निम्मं.
अब्बांनी आधारकार्ड काढलं, परत खिशात सरकवलं.
म्हणाले, पूर्ण घे.
इथे मी कधी पैसे देऊन आलेलो नाही.

आले होते ते एकसष्ट साली,
मागच्या गल्लीतून, लोखंडी गोल जिन्याने,
नळबाजारातल्या पायऱ्यांखालच्या दुकानातून
सुया आणि मेणाची वडी घेऊन.
राणीसाहेबांच्या शालीला कसर लागली होती.
(कारभारी म्हणे, उंदीर. अब्बा अजून म्हणतात, कसर.)
बावीस दिवस एका खिडकीशी बसले.
खिडकी तेवढी आठवते त्यांना :
उजेड डावीकडून यायचा, अकराला संपायचा.

आज पुढच्या दाराने आत.
गाइड मुलीचं नाव मृण्मयी, कॉलरला इवलासा माईक.
वर बघा, ती म्हणाली,
खालच्या मजल्याच्या कमानी टोकदार, या गॉथिक,
वर जाऊन बोटं जुळवल्यासारख्या.
आणि सज्ज्यावरच्या, घोड्याच्या नालासारख्या,
पोटाशी आत वळलेल्या, त्या मूरिश.
राजेसाहेब विलायतेहून येताना स्पेनला उतरले
आणि त्यांचं मन बदललं.
तोवर खालचा मजला बांधून झाला होता.

सगळे हसले.
एकाने विचारलं, मग यात आपलं काय?
मृण्मयी थांबली. दगड, म्हणाली. मालाडचा.
जरा वेळाने : आणि मजूर.

अब्बा घोळक्यात नव्हते.
जिन्याच्या वळणावर होते,
जिथे एकाच खांबातून दोन्ही कमानी निघतात,
एक टोकाकडे, एक नालाकडे.
चष्मा कपाळावर चढवून
नाक दगडाला लागेल इतके वाकलेले.
चाचा, हात नको, रखवालदार म्हणाला.
त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि बघत राहिले.
मला लाज वाटली.
मग लाज वाटल्याची लाज.

धागा त्याच कापडातून काढायचा, घरी सांगायचे ते,
दुमडीच्या आतून,
जिथलं कमी झालेलं कुणाला कळणार नाही.
बाहेरचा रंग कितीही जुळो,
पहिल्या उन्हात चुगली करतो.

इकडे ये, म्हणाले.
खांबाच्या माथ्यावर दगडी पानं,
पानांत पेरू खाणारा एक पोपट.
हा उगाच नाही. पंखाखाली बघ.

एक रेघ, केसाएवढी.
वरून उतरलेला दगड आणि खालून चढलेला
तिथे भेटले होते,
अर्धं बोट चुकून.
कुणा पाथरवटाला ते दिसलं असेल
साहेब जेवायला गेल्यावर,
आणि उरलेल्या जाडीतून, त्या चुकीतूनच,
त्याने हा पक्षी काढला असेल.

रफू आहे हा, अब्बा म्हणाले.
हात चांगला आहे.
पण मला दिसला.

शाल वरच्या दालनात, काचेत.
पाटीवर : काश्मीर, एकोणिसावं शतक, उत्तम स्थितीत.
अब्बा काचेभोवती फिरले, एकदा, दोनदा,
गुडघ्यावर हात टेकून खालूनही पाहिलं.
कुठे होतं भोक?
इथे, म्हणाले. मग, नाही, त्या बाजूला.
मग काहीच नाही म्हणाले.
बावीस दिवस शोधत होते ते, आणि सापडत नव्हते.
त्यांना आनंद झाला की काय झालं,
त्यांच्या पाठीवरून मला ओळखता आलं नाही.

निघताना त्यांनी मृण्मयीला गाठलं.
पोरी, जिन्यावरचा पोपट दाखवत जा लोकांना.
ती वहीत लिहून घेऊ लागली.
आम्ही फाटकापर्यंत आलो.
तिथून ते एकटेच मागे वळले,
उन्हातून, त्यांच्या त्या सावकाश चालीने,
पायऱ्या पुन्हा चढून तिच्यापाशी गेले
आणि म्हणाले,
नको. खोड ते.