तीनपैकी किती

साल्मे एक्याऐंशीची. मी तिची नर्स.
दर बुधवारी फेरीबोटीने मुहू बेटावर उतरते,
रक्तदाब घेते, गोळ्या मोजते,
आणि यंदापासून एक छापील फॉर्म भरते.

आज वार कोणता?
ती डब्यातला पाव अंगठ्याने दाबून पाहते.
"पावाची गाडी मंगळवारी येते.
मधे अजून मऊ आहे, कडा वाळल्यात.
म्हणजे बुधवार. शिवाय तू आलीस."
उत्तर बरोबर.
पाव दाबून काढलेल्या उत्तराला
फॉर्ममध्ये रकाना नाही.

तीन शब्द सांगते, लक्षात ठेव:
सफरचंद, किल्ली, घोडा.
ती एप्रनच्या नाडीला गाठी मारते,
एक गोल, एक लांबुडकी, एक उधळलेली.
"असं चालत नाही, साल्मे."
"का? सगळं डोक्यातच ठेवायचं, हे कुणी ठरवलं?
विलेम दोरीच्या गाठी मोजून
समुद्राची खोली सांगायचा.
त्याला कुणी विसराळू म्हटलं नाही."

बोटं थरथरतात.
नारिंगी-गुलाबी नक्षीचे हातमोजे विणायची,
आता जाड सुया, एकच रंग,
ओळ संपली की उजव्या खिशातला वाटाणा
डाव्या खिशात.
टाका सैल पडतो.
सैल टाक्यात ऊब जास्त राहते,
हे तिला सत्तरीनंतर कळलं.

रडू येतं का? फॉर्मच विचारतो, मी नाही.
"येतं. शनिवारी, सौना तापली की.
तिथं सगळंच ओलं असतं."

मग चहा ओतता ओतता, बशीत थोडा सांडून:
"वय वाढतं म्हणतात, खोटं आहे.
वयं साठत जातात.
सात वर्षांची अजून अंधाराला भिते,
तिच्यासाठी जिन्यात दिवा ठेवते.
एकोणिसाची भांडकुदळ,
बँकेत फोन करायचा तर तिलाच पुढे करते.
चाळिशीतलीशी माझं पटत नाही,
कायम घाईत.
आणि ही एक्याऐंशीची,
ही नवीनच राहायला आलीय.
अजून तिच्या सवयी कळायच्यात."

शब्द परत विचारायचे मीच विसरले.
बोटीवर आठवलं. फोन लावला.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही,
नाडी चाचपत असावी.
"सफरचंद. किल्ली..."
मग हसली.
"तिसरी गाठ सुटलीय गं.
काहीतरी पळणारं होतं.
जाऊ दे, भूक लागली की येईल."

तीनपैकी किती,
ते मी पेन्सिलीनं लिहिलं.